नववा माणूस

मामा खलाशी होता. सत्त्याऐंशी साली
हा संगणक त्यानं रॉटरडॅमहून आणला, लुंगीत गुंडाळून.
तांबूस, फुगीर, कडक पावासारखा.
खाऱ्या हवेनं त्याच्या चिपांचे पाय हिरवे पडतात;
मी ते उपसतो, शाळकरी खोडरबरानं घासतो,
फुंकर मारून परत बसवतो.

माझी नोकरी बर्फाच्या कारखान्यात, रात्रपाळी.
कॉम्प्रेसरला पहाटेपर्यंत माझी गरज नसते.
तेव्हा चौकटीच्या वहीत माणूस काढतो:
चोवीस घरं रुंद, एकवीस उंच.
टोपी दिली की पाय आखूड होतात.
पाठीचा बाक तीन घरांत बसवला,
लंगोटीला एक पुरलं.
भरलेलं घर एक, रिकामं शून्य,
आठ-आठांचे गट, त्यांच्या बेरजा,
असे त्रेसष्ट आकडे म्हणजे एक माणूस.
चौसष्टावा खण यंत्र वाचत नाही.
तिथं मी आमच्या विकलेल्या होडीच्या नंबरातले
शेवटचे दोन आकडे ठेवलेत.

खेळ साधा आहे. दांडीच्या किनाऱ्यावर रापण.
वर समुद्र, खाली वाळू, मधून दोन दोर,
दोरांवर माणसं.
पण यंत्राकडे माणसं आठच.
आठ जणांत कसली रापण?
नुसता दोर भिजायचा.

तर युक्ती अशी:
पडद्यावर प्रकाशाची सुई
वरून खाली रेघ रेघ विणत येते.
ती ज्याला ओलांडून गेली तो मोकळा.
त्याला तिथल्या तिथे उचलायचं,
सुई पोचायच्या आत
खालच्या रेघेवर पुन्हा उभं करायचं.
सेकंदाला पन्नास वेळा.
तीन वर्षं गेली.
जरा उशीर झाला की मुंडकं तुटायचं,
धड वाळूत, टोपी समुद्रात.

ज्या रात्री बारा जण एकदम उभे राहिले
त्या रात्री शेडमध्ये मी एकटाच मोठ्यानं हसलो.
मग गप्प झालो.
लहानपणी बघितलेली रापण अशीच तर चालायची.
ओढत ओढत माडापर्यंत आलेला गडी
दोर सोडायचा, धावत पाण्यात उतरायचा,
सगळ्यांच्या पुढे जाऊन पुन्हा दोर धरायचा.
माणसं मोजकी, दोर लांब.
बाबल मेथर हे अनवाणी करायचा,
वही न उघडता.

अडलं ते शेवटाला.
जाळं किनाऱ्याला लागतं, सगळे एका रेघेत वाकतात,
आणि एका रेघेत यंत्र आठच दाखवतं.
टोपल्या आहेत. बांगडा आहे.
नववा नाही.
नियमानं गळतो तो आकड्यांतला शेवटचा,
म्हणजे उशिरा आलेला, सगळ्यात लहान पोरगा.
आणि आमच्याकडची रीत तर
दोराक हात लागलो, तेका वाटो.

म्हणून तूटच वाटून टाकली.
या क्षणी हे चौघे नाहीत, पुढच्या क्षणी ते चौघे.
पापणी लवायच्या आत प्रत्येक जण जाऊन येतो,
कायमचा कुणी जात नाही.
चित्र थरथरतं.
थरथरू दे.

परवा पहाटे बाबलकाका आला,
सुनेच्या मासळीसाठी बर्फाची लादी न्यायला.
पडद्यापुढे उभाच राहिला.
‘ही माणसां थरथरतत कित्याक रे?’
मी सुईचं सांगायला लागलो.
त्यानं हात झटकला.
‘दमली हत ती.’

जॉयस्टिक मागितली. खुर्ची नको म्हणाला.
चपला काढल्या,
ओल्या लादीवर टाच रोवली,
आणि सगळं अंग मागे टाकलं.
वायर पुरेना.
संगणक टेबलावरून चार बोटं सरकला.
मी पुढे झालो,
दोन्ही हातांनी धरला.