जीभ कुठवर पोचते

लष्करात, दौलतगंजातल्या आमच्या दुकानी
काचेची एक फरशी आहे, दीड हात लांब,
कडेचा टवका उडालेला.
तिच्यावर बाबा मलम घोटायचे. आता मी.

माणसाचं मलम असेल तर माणूसच विचारतो:
कितीदा लावू, झोंबेल का, डाग पडेल का.
जनावराचं असेल तर विचारायचं आपण,
आणि बाबांनी शिकवलेला पहिला प्रश्न एकच:
जीभ कुठवर पोचते?

इमरतीची नाही पोचत, हरविलास म्हणाला.
वरातीची घोडी. जीन घासून खांद्याच्या उंचवट्यावर
रुपयाएवढं सोललंय, यंदाचे नवरदेव सगळे वजनदार.
मग थोडं थांबून,
"पर बगलवाली पहुँचती है, बाईसाब."
दोघी रात्रभर एकमेकींची मान खाजवत उभ्या असतात.

म्हणजे मलम इमरतीला
आणि पोट दुसरीचं.
डॉक्टर कुलश्रेष्ठांना फोन लावला.
त्यांना विचारून झिंक निम्म्यावर आणलं,
मेण वाढवलं, आणि कडुनिंबाचं तेल,
चाटलंच तर ओठ मुडपून मागे सरेल इतकं.
पांढरी पूड आधी थोड्या तेलात भिजवायची,
नाहीतर कण राहतात,
आणि सोललेल्या अंगावर कण म्हणजे वाळू.
मी पेरावर घेऊन बघते. अजून एक.
पुन्हा घोटते.
पट्टीचा कोरडा आवाज ओला होतो,
तेव्हा बाबा आतून, न बघता, "झालं" म्हणायचे.

ऐंशी ग्रॅम. डबीवर लिहिलं:
रुग्ण इमरती, वय अदमासे नऊ,
फक्त बाहेरून, फक्त जनावरांसाठी.
हरविलासला वाचता येत नाही,
म्हणून एक सूर्य काढला, एक चंद्र,
आणि जिनावर फुली.
फुली बघून तो डिसेंबरच्या तारखा बोटांवर मोजत गेला.

बाराव्या दिवशी डबी परत,
धुऊन, उन्हात वाळवून.
इतक्यात संपलं? भाकरीला लावलंस काय?
त्याने दोन्ही हात काचेवर ठेवले.
दर थंडीत लगामाने चिरणारे तळवे,
भेगांच्या कडा मिटत आलेल्या.
मी डबीवरची ओळ वाचून दाखवली.
म्हणाला, जिथे तिची जीभ नाही पोचत
तिथे माझाच हात पोचतो ना.

नवी चिठ्ठी त्याने खिशातून काढली. ऐंशीच लिहिलेत.
मी काट्यावर पंच्याऐंशी घेतले.
बाबाही नेहमी पाच जास्त धरायचे.
विचारलं तर म्हणायचे,
फरशीला लागतं.