रकाना सातवा

प्रकल्पक्षेत्रात आढळणारे वन्यजीव संख्येसह नमूद करावेत.
जागा दीड ओळीची.
आधीच्या पाहणीवाल्यांनी भर दुपारी
जीपमधूनच माळ बघून लिहिलेलं:
विशेष काही नाही. ससे.

मी एकवीस रात्री काढल्या कुकुडवाडच्या वरच्या अंगाला.
बारा कॅमेरे बांधले हिवराच्या खोडांना.
एक चोरीला गेला,
सातांत नुसत्या शेळ्या,
एकात पहाटे चार सतराला
लांडग्याची मादी, मागचा पाय उचलून चालणारी,
आचळं ओढलेली.

अंगाऱ्याच्या बांधाव्यात तशा
विष्ठेच्या पुड्या बांधल्या, वर तारीख घातली.
फोडल्या तर सशाचे केस
आणि खताच्या गोणीचा निळा धागा.

म्हाकू गोरड, औंदा गुडघ्यामुळं कोकणात न उतरलेला,
पुड्यांना हसला नाही.
"डाक्टर काय घरातली डोकी मोजून
तब्येत सांगतो व्हय, पोरी?
दरसाल माझी दोन-तीन कोकरं जात्यात. त्येचा वाटा असतोय.
औंदा एकबी न्हेलं न्हाई.
म्हंजी अंगात जोर ऱ्हायला न्हाई.
लूत भरलीया, गावच्या कुत्र्यांची."

मग बोट न दाखवता
हनुवटीनंच त्याने ओघळीची कड दाखवली.
चार पिल्लं.
तीन हलत होती.

बिळाचे अक्षांश-रेखांश लिहावेत
तर जनसुनावणीआधीच नकाशा गावभर फिरेल,
आणि धूर द्यायला एक भारा काडं पुरतं.
न लिहावेत
तर माळ रिकामा होता म्हणतील.

"किती लिवलंस?"
अजून काहीच नाही, म्हणाले.
"मग आखाडापतूर थांबाय सांग त्यास्नी.
पिल्लं आईमागं पळाय लागली, की मोज."

थांबा, असा रकाना फॉर्मात नाही.
मी बारीक अक्षरात सुरू करते:
पिल्लं चार, पैकी हलणारी तीन. मादी एक, लंगडी.
या वर्षी मेंढपाळांचं नुकसान शून्य,
ही वाईट बातमी समजावी.
बिळाची जागा: म्हाकू गोरड यांना माहीत.
चालत येऊन, समक्ष विचारावी.

दीड ओळ कधीच संपली.
समास संपला, पाठची बाजूही.
दुसरा कागद जोडायला पिन नाही,
हिवराचा काटा लावते.