बसलेली

ल्वूव. सदतीस सालचा नोव्हेंबर.
वनस्पतिशास्त्राच्या वर्गात बाकांवर आकडे पडले:
सम आमचे.
विषम त्यांचे, डावीकडचे.
गिझेला हालपर्नच्या पुस्तिकेवर तसा शिक्का बसला,
जांभळा, जरासा तिरका.
कारकुनाने तो फुंकर घालून वाळवला,
बशीतला चहा निववावा, तसा.

ती डावीकडे गेली नाही.
उजवीकडे तिला कुणी येऊ दिलं नसतं.
मागच्या भिंतीशी उभी राहिली,
कोट टांगायच्या खुंट्यांखाली.
आमच्या ओल्या कोटांचं पाणी
तिच्या खांद्यावर ठिबकत होतं.

प्रोफेसर गोरेत्स्की नेच्यांवर बोलत होते.
पानाच्या पाठीवर बीजाणूंचे ठिपके,
फुलाविना, बीविना वंश कसा टिकतो, वगैरे.
एकदा त्यांनी मान वर केली,
चष्मा पुसला,
आणि पुढची आकृती काढली.
(रसायनाचे एक म्हातारे मास्तर होते,
ते मात्र ती मुलं उभी आहेत तोवर
खुर्चीला टेकले नाहीत.
त्यांच्या घराच्या काचा फुटल्या.)

मी बाराव्या बाकावर बसले होते.
माझ्या मनात वाईट काहीच नव्हतं.
हे वाक्य मी पुढे पुष्कळ वर्षं वापरलं.

दाराशी टोप्या घातलेली पोरं असायची,
हातात काठ्या, काठीच्या टोकाला
दाढीचं पातं.
एका सकाळी गिझेलाची बाही फाटलेली होती,
खाली घट्ट बांधलेला रुमाल.
विचारायला मी तोंड उघडलं
आणि माझी दातखीळ बसली.
तिचाही आवाज बसला होता.
थंडीने, म्हणाली.

परीक्षेआधी मी तिच्याकडे वही मागितली.
हो. मागितली.
तिने दिली.
मनगटावर वही तोलून लिहिलेलं अक्षर,
प्रत्येक ओळ उजवीकडे चढत गेलेली,
नेच्याचं पान मात्र असं काढलेलं
की बोट लावलं तर शिरा लागतील.
मी पहिल्या वर्गात पास झाले.
वही परत द्यायची राहिली.

बेचाळीसच्या ऑगस्टात तिची गल्ली रिकामी झाली.
आमच्या खिडकीला पडदा होता.

लढाईनंतर आम्हाला गाडीत घालून
पश्चिमेला आणलं, व्रोत्सवाफला,
कुणा जर्मनाच्या घरात,
त्याच्याच खुर्च्यांवर.
शाळेत नोकरी लागली. जम बसला.
संसाराची घडी बसली.
मुलांना नेचे शिकवले तीस वर्षं,
आकृती तिचीच, फळ्यावर, जशीच्या तशी.
कुणी म्हणालं, बाई, किती छान काढता,
तर मी हसायचे.

वही अजून आहे.
टेबलावर ठेवली की ओळी
कागदाबाहेर निघाल्यासारख्या दिसतात.
भिंतीशी उभी राहून
मनगटावर धरली
की सरळ होतात, एकूण एक.

फार वेळ उभं राहवत नाही आता.
गुडघे धरतात.
मग मी बसते.