रफार

तपकीर गल्लीच्या मागे, जिना चढून डावीकडे,
एका टेबलाला दोन खुर्च्या.
एकीवर मोरेश्वर तांबट,
दुसरीवर मी, दस्तगीर शिकलगार.
पत्रिका, पाट्या, मानपत्रं. सगळं हातानं.

पहिल्याच दिवशी मी सांगितलं होतं,
मोरू, मी चेहरा काढत नाही.
माणसाचा नाही, देवाचा नाही, पाखराचासुद्धा नाही.
वडील काढत नसत.
त्यानं कारण विचारलं नाही.
म्हणाला, सोंड माझी, श्री तुझा.
तीस वर्षं या शहरातल्या लग्नांवर
त्याचा गणपती बसत आला
आणि त्याच्या डोक्यावर माझा श्री.

गेल्या वर्षी बिबवेवाडीहून एक चेअरमन आले.
पाटी हवी होती, दोन बाय तीन, पिवळ्यावर काळं.
फ्लॅट भाड्याने देणे आहे.
अमुक लोकांनी चौकशी करू नये.
ते अमुक म्हणजे मी, हे त्यांना ठाऊक नव्हतं,
पावतीबुकावर मोरूचंच नाव आहे.
मी म्हणालो, तुमचं नाव लिहितो, विंगा लिहितो,
कुत्र्यापासून सावध लिहितो,
एवढी ओळ नाही लिहिणार.
समोरच्या फ्लेक्सवाल्यानं तासाभरात छापून दिली.
त्या दिवशी चहाचे पैसे मोरूनं दिले.

मग मार्गशीर्षात त्या दोघी आल्या.
केतकी साबणे, शर्वाणी गेजगे.
कर्वेनगरात हॉल ठरला होता.
कायदा याला लग्न म्हणत नाही, माहीत आहे,
केतकी म्हणाली, पण जेवण तर आहे.
मोरूनं शाईच्या दौतीला बूच लावलं.
आधी म्हणाला, वेळ नाही.
मग म्हणाला, मनाला पटत नाही.
शर्वाणीनं नमुन्यांची वही मिटली,
इतकी हळू, की जणू आत कुणी झोपलंय.

जिन्यावरची पावलं थांबेपर्यंत तो बोलला नाही.
मग म्हणाला,
तुझ्या नाहीला मी तीस वर्षं जागा दिली, दस्तगीर.
माझ्या नाहीला एक दिवस?

मला राग यायला हवा होता. आला नाही.
मी म्हणालो, मी चेहरा कुणाचाच काढत नाही.
तू सगळ्यांची नावं लिहितोस,
घटस्फोट झालेल्यांची, तिसऱ्यांदा बोहल्यावर चढणाऱ्यांची,
हुंड्यात गाडी मोजून घेणाऱ्या त्या धायरीच्या पार्टीची.
फक्त या दोघी आल्या आणि तुझी शाई संपली.
तो म्हणाला, गणपती काढताना माझा हात जप करतो.
जप काय ऑर्डरीवर करायचा?
मी म्हणालो, त्यांनी गणपती मागितलाच नव्हता.
त्यांनी पळसाचं फूल मागितलं होतं.

खालच्या मजल्यावरच्या वकीलबाई म्हणतात,
दुकान उघडं म्हणजे सगळ्यांना उघडं.
पण हातसुद्धा दुकान असतो का, असं विचारलं
की त्या चष्मा पुसत बसतात.

रद्दी कागदावर नंबर राहिला होता. मी फोन केला.
गुरुवारी हातकागद कापला, बोरू तासला.
केतकी नीट आली. शर्वाणीला हात थोडा थरथरला,
वय झालं, दुसरं काही नाही.
मोरू शेजारी कुणाच्या तरी मुंजीचा बटू रंगवत होता.
न बघता बघत होता.

रफार पडलाय, म्हणाला.
कुठे?
वा-वरचा. असा कललेला रफार बघवत नाही.
माझ्या हातातला बोरू घेतला,
श्वास धरला,
एक फटकारा.
बोरू परत दिला आणि म्हणाला,
मी काही लिहिलेलं नाही.
बरं, मी म्हणालो.

बटूच्या शेंडीला त्यानं जरा जास्तच काळं लावलं.
मी पावती फाडली, नेहमीच्याच दरानं.
रफाराचे वेगळे पैसे
आम्ही कुणाकडूनच घेत नाही.