एका बेसवर दोन

फ्लेन्सबुर्गच्या दुकानात फ्राउके
हँडसेट कानाला लावून बघते, बंदच असलेला.
तांब्याची तार मार्चमध्ये काढणार,
पुढचं सगळं बोलणं इंटरनेटवरून.
रेंज तीनशे मीटर, विक्रेता सांगतो,
मध्ये भिंती नसतील तर.
"भिंती आहेत," ती म्हणते.

आकडे ठसठशीत हवेत. बटण दाबलं की
दाबल्यासारखं वाटायला हवं.
रंग कुठलाही चालेल, पांढरा नको.

एका बेसवर दोन घेते.
एक स्वयंपाकघरात, ओट्यापाशी.
दुसरा माळ्यावर, जिथे हार्टविग
काड्यांची जहाजं चिकटवत बसलाय
नोव्हेंबरपासून, अबोला धरून.

ओस्लोला लेकीला फोन नंतर.
आधी ती दोन दाबते.
वर वाजतं. बराच वेळ वाजतं.
"कोण?"
"सूप झालंय."

आणि दोघांतलं कुणीच
लगेच ठेवत नाही.