एवढा डोंगर

पृथ्वीगोलावर विषुववृत्ताची शिवण उसवलीय,
नेई काबुरे तिथेच बोट टेकवते.
'हे आपण.'
निम्मी बेटं बोटाखाली जातात,
उरलेली
'महासागर' या शब्दाच्या पोटात.

घरचा पत्ता मात्र सोपा:
आतल्या पाण्याकडे दार,
बाहेरच्या पाण्याकडे चूल,
मधे रस्ता, अळूचा खड्डा,
आजोबांची कबर, तिच्यावर वाळत घातलेली मासळी.
रुंदी? एक हाक.
दोन्ही किनाऱ्यांना ऐकू जाते.

'डोंगर म्हणजे काय, बाई?'
बाइतेके विचारतो.

ती खिडकीबाहेर बघते. बराच वेळ.
मग उंबऱ्यापाशी बसून
ओंजळभर वाळू ओतते.
'असा. पण न ओघळणारा.'

भरतीची वेळ.
पाणी पायरीशी आलंय.
पोरं उठतात, न सांगता,
आणि डोंगराभोवती
पावलं लावून उभी राहतात.