अनामत

डिसेंबरात आमच्या दुकानात उभं राहायलाही जागा नसते.
साऱ्या शाळांची गॅदरिंगं एकाच आठवड्यात;
नारायण पेठेतल्या या पोटमाळ्यावर
सात मावळे, दोन राक्षस आणि एक मोर
एकाच खिळ्याला.
खाली भोंडेकाका पावती फाडतात:
मिशी हरवल्यास वीस रुपये, धुलाई वेगळी,
एक ते चार बेल वाजवू नये.

मी वर, मशीनवर.
उसवलेलं शिवायचं आणि घाम ओळखायचा.
कोळीनृत्याचा पाठीवर उमटतो,
भाषण ठोकणाऱ्याचा काखेत,
आणि ज्याला एकच वाक्य आहे
त्याचा तळहातांचा, शेल्याच्या टोकाला,
चुरगाळून चुरगाळून काळा झालेला.

मंगळवारी एक बाई आल्या.
अनंतराव मेढेकरांची मुलगी, म्हणाल्या.
काका उठून उभे राहिले.
गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते कुणासाठी उठत नाहीत.
"बाबांचा तो जांभळा अंगरखा, तिसऱ्या अंकातला.
रविवारी शोकसभा आहे.
खुर्चीवर ठेवावा म्हणते."

काकांनी वर पाहिलं. मी शिडीच्या मधल्या पायरीवर.

तो अंगरखा मीच शिवलेला.
मेढेकर स्वतः या शिडीने वर येत,
मान वाकवून, तुळईला शिवी देत.
"बगलेत अर्धा इंच सोड रे मोरेश्वर,
मला श्वास तिथून येतो."
गळपट्टीला आतून शाईने लिहिलेलं: अ. मे.

नाटक बंद पडलं.
ट्रंकेत डांबरगोळ्या संपल्या, पुन्हा टाकल्या, पुन्हा संपल्या.
कुणी विचारलं नाही.
मग एका शाळेला छोटे सरदार हवे होते,
आणि दुसरं जांभळं कापड नव्हतं दुकानात.
कात्री माझीच.
पाठीच्या दोन पाखांतून दोन सरदार निघाले.

"बाहेर गेलाय," काका म्हणाले.
या पेठेत खरं बोलताना कुणी अडखळत नाही;
काका अडखळले.
बाई तशाच उभ्या.
शेवटी मीच खाली उतरलो
आणि सांगितलं, कात्रीसकट.

त्या रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत.
"कुठली शाळा?" एवढंच.

कर्वेनगरला रिक्षा ऐंशी रुपये झाली, त्यांनीच दिले.
चौथी ब. पडदा अर्धाच उघडला, अडकला, तिथेच राहिला.
डावीकडचा सरदार वाक्य विसरला.
उजवीकडच्याने त्याचंही म्हणून टाकलं,
तलवार उपसून, हात थेट डोक्यावर;
मी डोळे मिटले.
उसवलं नाही.
अर्धा इंच तसाच होता तिथे.
बाई हसत होत्या, रुमाल तोंडावर धरून,
आणि पुढच्या रांगेतली कुणाची तरी आई
मागे वळून म्हणाली, "तुमचा आहे का तो?"
काय उत्तर दिलं, मला ऐकू आलं नाही. टाळ्या होत्या.

शनिवारी त्यांनी दोन्ही नेले.
काका पैसे घेईनात, त्या ऐकेनात.
पावती फाटली: छोटा सरदार, नग दोन.
अनामत दोनशे.
"धुऊ नका," त्या म्हणाल्या, "तसेच द्या."

सोमवारी परत आले, इस्त्रीची घडी असावी तसे.
सवयीने उजेडात धरून पाहिले.
नवा डाग नाही. खुर्चीला घाम येत नाही.
एका अंगरख्याचा बगलेतला बंद मात्र नव्हता,
नीट कापून घेतलेला, दोरा सुद्धा लोंबत नव्हता.

काकांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं.
दोनशे परत केले.
वहीत लिहिलं:
बंद एक, आधीच तुटलेला.